आई, ओळख बरं मी कोण?

शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्सने निघालं की सकाळी चिखली. बॅगेत आईसाठी बाकरवडी, वहिनीसाठी ड्रेस मटेरियल. एकदम आदर्श लेक! दारात पाऊल ठेवताच मी नेहमीचा प्रश्न टाकला, "आई, ओळख बरं मी कोण?" आईने गोंधळून वहिनीकडे पाहिलं, मग हसून मला म्हणाली, "या, बसा."

स्वतःच्या मुलीला 'बसा'!

स्वयंपाकघरात वहिनी हळूच म्हणाली, "ताई, परीक्षा नका घेऊ बाप्पा त्यांची. उत्तर नाही आलं की दिवसभर धुसफुसतात. तुम्ही उद्या जाल, निस्तरायचं मला असतं."

कान लाल झाले, पण मुद्दा पटला. डिमेन्शियात बहुतेकदा ताज्या आठवणी आधी जातात. आपण कमी पडलो, ही बोच मात्र मागे राहते. आता मी दारातूनच सांगते, "आई, मी तुझी धाकटी, पुण्याहून आले." काम फत्ते.

संध्याकाळी आईची वेगळीच धांदल. "मले घरी जायचं हाय." दादा समजावणार, "अगं, हेच तुझं घर!" की भांडण सुरू. वहिनीचा फंडा वेगळा. "जाऊ ना, आधी चहा घेऊ." मग देऊळगाव राजाच्या माहेराच्या गोष्टी, अंगणात दोन फेऱ्या, आणि घरी जाणं विसरलेलं असतं. तिला हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

सुरुवातीला आम्हीही "वय झालं" म्हणत दोन वर्षं घालवली. शेजारून सल्ला आला, "सैलानीला नेऊन आणा." पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा हे आमच्याकडचं मोठं श्रद्धास्थान. मनाच्या आजारासाठी लोक लांबून तिथे येतात. श्रद्धेबद्दल तक्रार नाही, पण गर्दीत आधीच गोंधळलेलं माणूस आणखी घाबरतं, आणि तपासण्या राहून जातात. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार असतात. त्यामुळे डॉक्टरांना गाठा, आणि लवकर.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे. शहरात ५.३ टक्के, खेड्यात ८.४. म्हणजे आपण हिंजवडीत, आणि आजार गावाकडे.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहिलाय? मोहन आगाशेंचे संस्कृत पंडित त्यात एका हत्तीच्या मागे निघून जातात. तो पाहून मी पहिलं काम केलं, आईच्या बटव्यात आमच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवली.

पण खरी अडचण आई नव्हतीच. ती वहिनी होती, जी वर्षभर मेहकरला माहेरी गेली नव्हती. मी पैसे पाठवायचे, फोनवर सूचना द्यायचे. 'फिजिओथेरपी का नाही?' वगैरे. दुरून सल्ले फार छान सुचतात!

म्हणून गेल्या खेपेला लॅपटॉप घेऊन आठवडाभर राहिले, वहिनीला मेहकरला धाडलं. दुसऱ्याच दिवशी आईने आंघोळीला नकार दिला. इकडे माझा कॉल सुरू. मी ओरडले. ती कोपऱ्यात जाऊन बसली, कुणी रागावलेल्या मुलीसारखी. त्या रात्री वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "मीही ओरडते ताई. मग रडते. गरम पाणी दुपारी काढा, तेव्हा ऐकतात." दुपारी पाणी काढलं. आईने निमूट आंघोळ केली.

(बोलायला कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइनचा १४५६७, हे नंबर फोनमध्ये ठेवा. सांभाळणाऱ्यांनीही फोन करायला हरकत नाही.)

आता फोन केला की आधी विचारते, "वहिनी, तू जेवलीस का? झोप झाली?" आईचं नंतर. सकाळी चार तास एक मावशी येतात, त्यांचा पगार माझ्याकडे. दिवाळीनंतर वहिनीला पुन्हा आठ दिवस माहेर. माझी रजा मंजूर झालीय, तिकीटही काढलंय.