नर्सिंगची विद्यार्थिनी वॉर्डात कशासाठी असते?

नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना काय जड जातं, असं विचारलं की रात्रपाळी, इंग्रजी पुस्तकं, घरापासून दूरचं वसतिगृह, तासन्‌तास उभं राहणं आणि डोळ्यांदेखत पाहिलेला पहिला मृत्यू या गोष्टी हमखास सांगितल्या जातात. त्या खऱ्याच आहेत. पण त्यांतल्या पुष्कळशा या व्यवसायासोबत येणारच, आणि त्या सोसण्याची तयारी ठेवूनच मुली या वाटेला येतात. ज्या अडचणीवर फारसं बोललं जात नाही ती वेगळी आहे. वॉर्डात आलेली विद्यार्थिनी शिकायला आली आहे, की अपुऱ्या परिचारिकांची उणीव भरून काढायला? आपल्या अनेक रुग्णालयांत याचं उत्तर कुणी नीट दिलेलं नाही, आणि तिच्या बाकीच्या हालांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

हा गोंधळ जुना आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची नर्सिंग शाळा सुरू झाली, आणि रुग्णालयाला जोडलेली शाळा हा नमुना पुढे जगभर पसरला. रुग्णालयांना त्यातून कमी खर्चात कामाला हात मिळाले. अमेरिकेत १९२३ साली जोसेफिन गोल्डमार्क यांच्या अहवालाने नेमकं यावरच बोट ठेवलं: शिक्षणाची गरज आणि रुग्णालयाच्या कामाची गरज समोरासमोर आल्या की माघार शिक्षणालाच घ्यावी लागते. ब्रिटनने १९८९ पासून ‘प्रोजेक्ट २०००’ या सुधारणांमधून विद्यार्थ्यांना वॉर्डाच्या मनुष्यबळातून बहुतांशी बाहेर काढलं. ती मुलं वॉर्डात येत, काम करत, पण ड्यूटीचा तक्ता त्यांच्या भरवशावर लावायचा नाही, असं तत्त्व त्यामागे होतं.

आपल्याकडे बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आणि जीएनएम तीन वर्षांचं. दोन्हींत अभ्यासाचा मोठा भाग वॉर्डात होतो, आणि तो तसाच व्हायला हवा. प्रश्न त्या तासांत काय घडतं याचा आहे. चादरी बदलणं, ताप-नाडी-श्वास मोजून तक्त्यात भरणं, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणं, औषधं आणणं, ट्रॉली ढकलणं: यातलं एकही काम हलकं नाही, आणि प्रत्येक परिचारिकेला ते आलंच पाहिजे. पण पहिल्या काही रुग्णांचा रक्तदाब मोजताना हात बसतो. त्यानंतरची मोजणी शिकवते ती फक्त शेजारी उभं राहून कुणी विचारलं तर: या रुग्णाचा दाब सकाळपासून का उतरतोय, लघवी किती झाली, डॉक्टरांना आत्ता बोलवायचं का? असं विचारणारी ट्यूटर कॉलेजच्या वर्गात अडकलेली आणि वॉर्डाची सिस्टर नोंदी, औषधं व नातेवाइकांच्या गर्दीत बुडालेली असेल, तर विद्यार्थिनी दिवसभर राबते आणि शेवटी प्रोसीजर बुकवर सह्या गोळा करत फिरते. कला शाखेतून मराठी माध्यमात बारावी करून जीएनएमला आलेल्या मुलीला हे आणखी जड जातं. शरीरशास्त्राच्या इंग्रजी संज्ञा तिला रुग्णाच्या खाटेपाशी उमगू शकल्या असत्या. पण त्यासाठी कुणीतरी तिथे थांबायला हवं.

देखरेखीविना केलेल्या कामाचा धोका विद्यार्थिनीच्या अंगावरही येतो. वापरलेली सुई टोचली आणि रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला संसर्ग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के असते. घाईत, थकलेल्या हाताने सुईवर पुन्हा टोपण बसवू नये हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ती सवय अंगी बाणवायला जाणतं माणूस शेजारी लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो की नर्सिंग हाताने काम केल्याशिवाय येत नाही. अगदी बरोबर, आणि म्हणूनच काम कमी करा अशी ही मागणी नाही. मागणी एवढीच, की कोणतं काम किती वेळा आणि कुणाच्या नजरेखाली, हे शिकण्याच्या गरजेवरून ठरावं, रिकाम्या पदांवरून नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विद्यार्थिनी बाजूला काढल्या तर वॉर्ड चालणार कसे? भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. तीन पाळ्यांत विभागलं की हे प्रमाण एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक असं पडतं. जिथे हे पाळलं जात नाही, तिथे विद्यार्थिनी ती तूट झाकतात, आणि झाकलेल्या तुटीसाठी नवी पदं मंजूर होत नाहीत. म्हणजे आज ज्या व्यवस्थेला त्यांचा आधार वाटतो, तीच त्यांच्या उद्याच्या नोकऱ्या अडवून धरते. आणि तोटा रुग्णालाही होतो. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ युरोपीय देशांतल्या अभ्यासात असं दिसलं, की परिचारिकेवरचा भार एका रुग्णाने वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती जवळपास तेवढीच घटते. युरोपातले आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील असं नाही, पण संख्या आणि शिक्षण दोन्ही रुग्णाच्या जिवाशी जोडलेली आहेत, हे त्यातून स्पष्ट होतं.

‘आम्हीही असंच सोसलं, म्हणून घडलो’ असं ज्येष्ठ सिस्टर म्हणतात तेव्हा त्यांच्या कष्टांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. पण त्या घडल्या त्यांच्या जिद्दीने आणि त्यांना कधीतरी भेटलेल्या एखाद्या चांगल्या सिस्टरमुळे. शिवाय कमी मोबदल्यात राबवून घेण्याची सवय शिक्षण संपल्यावरही सुटत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीला खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी किमान वेतन सुचवावं लागलं. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावं, असं समितीने म्हटलं. हे बदलायचं तर सुरुवात महाविद्यालयांच्या तपासणीपासून व्हावी. नव्या महाविद्यालयाला परवानगी देताना खाटा आणि इमारत मोजली जाते. त्याच तपासणीत विद्यार्थिनींना न मोजता वॉर्डाचा ड्यूटी-तक्ता मागवावा, आणि प्रत्येक पाळीत ट्यूटर खरोखर वॉर्डात किती तास होती याची नोंद पाहावी. विद्यार्थिनी वगळल्यावर तक्ता अपुरा पडला, तर प्रवेशसंख्या वाढवण्याआधी त्या रुग्णालयाने परिचारिकांची पदं भरावीत.