घडीव आयर्न कुणी घ्यावं?

मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये १९६०च्या दशकापासून क्रँकशाफ्ट घडतात. लालबुंद पोलाद साच्यात ठेवायचं आणि वरून घणाचा घाव घालायचा, हे काम पुण्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. येरवड्याचं पूना क्लबचं गोल्फ मैदान तिथून फार लांब नाही, आणि बॅगेतलं फोर्ज्ड आयर्न त्याच कुळातलं. फक्त त्याची पंढरी जपानात आहे. ह्योगो प्रांतातलं इचिकावा आणि मिझुनोची आयर्न जिथे घडत आली ते हिरोशिमा, ही त्यातली मोठी नावं.

कच्चा माल म्हणजे मऊ पोलादाचा तुकडा, कार्बन पाव टक्का किंवा त्याहून कमी. तो सुमारे १२०० अंशांना तापवतात, साच्यात ठोकतात, कडेला आलेली झालर कापतात. मग कारागीर घासून घासून वजन जुळवतो. सेव्हन आयर्नचं हेड साधारण २७० ग्रॅमचं. शेवटी निकेल-क्रोमचा मुलामा, कारण हे पोलाद उघडं राहिलं की गंजतं.

ओतीव आयर्नचा मान वाढवला तो कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने. त्याने वजन हेडच्या कडांकडे नेलं आणि मागे पोकळी ठेवली. चेंडू मधोमध लागला नाही तरी असं हेड कमी पिळवटतं, अंतर फारसं घटत नाही. १९८२ची ‘पिंग आय २’ त्यातली सर्वांत गाजलेली. तेव्हापासून समज रुजला की घडीव आयर्न पट्टीच्या खेळाडूंचं आणि ओतीव इतरांचं. आज घडीव हेडच्या पाठीतही पोकळी असते. बारा-पंधरा हँडिकॅपच्या खेळाडूने बिचकायचं कारण नाही.

पण ते घ्यायचं कशासाठी? दुकानात उत्तर मिळतं, ‘फील’. चेंडू आणि फेस यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. हाताला कळायच्या आत चेंडू गेलेला असतो. जाणवतं त्यात आवाजाचा वाटा मोठा. कानात बोळे घालून दोन्ही प्रकार मारून पाहा, बराचसा फरक विरून जाईल.

माझ्या मते खरं कारण वेगळं आहे: घडीव पोलाद वाकतं. सुधारणाऱ्या खेळाडूचा स्विंग सतत बदलत असतो. फटक्याच्या क्षणी हेडचं टोक वर राहिलं तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो, टाच वर राहिली तर उजवीकडे. शिकवणीने हातांची उंची बदलली की लायचा कोनही बदलायला हवा. मऊ हेडची मान यंत्रात अंश-दोन अंश सहज वळते. १७-४ जातीचं कडक स्टेनलेस तेवढं ऐकत नाही. फार जोर लावला तर मान तुटायची भीती. म्हणजे घडीव सेट तुमच्याबरोबर बदलू शकतो. ही सोय न वापरणाऱ्याने जादा पैसे का मोजावेत, मला कळत नाही.

खरेदी करताना एक विचाराच. ‘फोर्ज्ड’ कोरलेल्या काही मॉडेलांत फक्त फेस घडीव असतो, बाकीचं हेड ओतीव. ते किती वाकेल?

लॉफ्टही पाहा. पारंपरिक सेव्हन आयर्न ३४ अंशांच्या आसपास असतं, अंतरासाठी केलेलं २८-२९. चेंडू लांब गेला म्हणून हरखू नका. अशा सेटचा पिचिंग वेज ४३ अंशांचा असला, तर ५६च्या सँड वेजपर्यंत १३ अंशांची दरी पडते आणि शंभरेक यार्डांवर हातात नेमका क्लबच उरत नाही. मधला एक वेज घ्यावाच लागतो.

आपली जमीन मे महिन्यात दगडासारखी, श्रावणात लोण्यासारखी. फार पातळ तळाचं आयर्न ओल्यात रुततं. मध्यम रुंदीचा, गोलसर तळ दोन्हींत निभतो. आणि निवड शक्यतो गवतावर करा. चटई चेंडूच्या मागे बसलेला फटकाही पुढे सरकवते, आणि तो चांगलाच लागला असं वाटतं.