मामा, मी रॅप करतो

गेल्या दिवाळीत हुबळीला ताईकडे गेलो होतो. दुर्गदबैलात दाजींचं कापडाचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. फराळ आटोपल्यावर ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज खाली करून म्हणाली, "तू तरी बोल की त्याच्याशी. दिवसभर दार लावून बडबडायलाय. आता म्हणतोय, कॉलेज सोडतो."

'तो' म्हणजे माझा भाचा, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. रात्री गच्चीवर आम्ही दोघेच होतो. खाली गिरमिट आणि मिरची भजीच्या गाड्यांवर गर्दी होती. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "मामा, मी रॅप करतो. मला एमसी स्टॅनसारखं व्हायचंय."

मी बीई झालेला, दहा-बारा वर्षं कंपनीत कोड लिहिणारा माणूस. रॅप म्हणजे गळ्यात साखळ्या आणि तोंडात शिव्या, एवढीच माझी माहिती. पण 'अभ्यास कर' एवढंच सांगायचं तर त्यासाठी मामा कशाला हवा? त्याला म्हटलं, "मला पंधरा दिवस दे. आधी ऐकतो, मग बोलू." त्या पंधरा दिवसांत जे हाती लागलं ते इथे लिहितोय. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असं एखादं दार आतून बंद असणार.

एमसी स्टॅन म्हणजे अल्ताफ शेख. जन्म 30 ऑगस्ट 1999 चा, पुण्याचा. पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढला. लहानपणी कव्वाली गायचा. पुढे हिपहॉपचा नाच आणि तोंडाने ताल धरण्याचं बीटबॉक्सिंग शिकला, आणि मग रॅपकडे वळला. 2018 मध्ये त्याचं 'वाटा' आलं, 2019 मध्ये 'खुजा मत'ने नाव झालं. 2020 मध्ये 'तडीपार' हा पहिला अल्बम, 2022 मध्ये 'इन्सान'. 12 फेब्रुवारी 2023 ला तो 'बिग बॉस'चं 16 वं पर्व जिंकला, तेव्हा वय होतं 23. दुसरा आलेला शिव ठाकरे अमरावतीचा.

भाच्याला त्यातली ट्रॉफी तेवढी दिसत होती. मी त्याला सगळ्या तारखा एका कागदावर लिहून दाखवल्या. पहिल्या गाजलेल्या गाण्यापासून ट्रॉफीपर्यंत चार-पाच वर्षं गेली, आणि त्याच्याआधी कव्वाली, नाच, बीटबॉक्सिंग यांत गेलेली वर्षं वेगळीच. शिवाय स्टॅन फक्त माईकसमोर उभा राहत नाही. लिहितो तोच आणि बीटही बनवतो. आमच्या धंद्यात नवीन मुलगा थेट मोठ्या प्रोजेक्टचा प्रमुख होत नाही, इथेही तसंच आहे.

पण ऐकताना मी अडखळलो ते त्याच्या भाषेपाशी. ती पुण्याच्या गल्लीतली हिंदी आहे, आणि तिच्यात मराठी जागोजागी डोकावते. 'तडीपार' हा तर सरळ आपलाच शब्द. 'शेमडी' त्याने टीव्हीवरून देशभर पोचवला. हे असं बोलणं मी आधी कुठे ऐकलंय म्हणून आठवू लागलो, तर उत्तर ताईच्या घराखालीच होतं. दुर्गदबैलात गिऱ्हाइकाशी कन्नड, शेजारच्या दुकानदाराशी दख्खनी, घरात मराठी, आणि एकाच वाक्यात तिन्ही.

माझ्या पहिल्या नोकरीत पुण्यातले सहकारी माझ्या 'करायलाय'वर आणि वाक्याच्या शेवटच्या 'की'वर हसायचे. मी दोन्ही सोडून दिलं. फोनवर ताईशी बोलतानासुद्धा जपून बोलू लागलो. जे मी लपवलं, तेच भांडवल करून हा मुलगा उभा राहिला, हे मला थोडं लागलं.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '100आरबीएच' या नावाने रॅप करतो. 100 म्हणजे सौ, म्हणून सौरभ. तो मराठीत आणि हिंदीत लिहितो, बोलीत लिहितो, जातीबद्दल आणि बाबासाहेबांबद्दल लिहितो. 2019 च्या 'गली बॉय'मधल्या 'इंडिया 91' या गाण्यात तो आहे. त्या गाण्यात वेगवेगळ्या भाषांतले रॅपर एकत्र आलेत आणि संगीत आहे मृदंगवादक विवेक राजगोपालन यांचं. कर्नाटक संगीतात मृदंगाचे बोल तोंडाने म्हणतात, त्याला कोन्नक्कोल म्हणतात. राजगोपालन यांनी त्या बोलांशी रॅपची सांगड घातली. 2023 मध्ये सौरभ 'एमटीव्ही हसल'च्या तिसऱ्या पर्वातही दिसला.

भाच्याला म्हटलं, "स्टॅनच्या गाण्यांतल्या शिव्या तू आईसमोर लावू शकत नाहीस. मग राग मांडायची दुसरी रीत आहे का, हे याच्याकडे बघ." त्याला हे पटलं की नाही माहीत नाही, पण त्याने गाणी ऐकली.

दाजींचा प्रश्न वेगळा होता. "हे आपलं आहे का?" त्यांना मी कलगी-तुऱ्याची आठवण दिली. शाहिरांचे दोन पक्ष, डफ-तुणतुणं, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे जबाब द्यायचा. महाराष्ट्रातही, उत्तर कर्नाटकातही. कन्नडमध्ये हरदेशी-नागेशी म्हणतात, ते दाजींनीच मला सांगितलं. लहानपणी जत्रेत ऐकलं होतं त्यांनी. रॅपची 'बॅटल' न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून आली हे खरं, पण आपल्या आजोबांना ती समजावून सांगायला वेळ लागला नसता.

ताईची भीती मात्र 'लोक काय म्हणतील' ही होती. आपल्या हुबळीतच गंगूबाई हनगल राहिल्या. सवाई गंधर्वांकडे शिकायला त्या हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जात. 'गाणारी' म्हणून त्यांनी लोकांची बोलणी खाल्ली, आणि त्याच गावाला पुढे त्यांचं नाव अभिमानाने सांगावंसं वाटलं. भाचा गंगूबाई नाही, हे मी ताईला स्पष्ट सांगितलं. पण टोमणे मारणारे चुकू शकतात, एवढं तिने ऐकून घेतलं.

शेवटी हिशोब. 'स्वतंत्र कलाकार' हा शब्द ऐकायला छान आहे. त्याचा अर्थ, कंपनी करते ती सगळी कामं आपणच करायची. गाणं लिहिणं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, व्हिडिओ, वितरकामार्फत ते सगळ्या ॲपवर चढवणं, आणि खर्चही आपला. यूट्यूबवर जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला साधारणपणे 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं लागतं. स्पॉटिफायवर 2024 पासून, जे गाणं आधीच्या 12 महिन्यांत 1000 वेळा वाजलं नाही त्याची रॉयल्टी मिळत नाही. इंटरनेटवरून स्वस्तात घेतलेली बीट बहुतेक वेळा भाड्याने असते. तीच बीट आणखी पन्नास जणांकडे असू शकते, आणि गाणं चाललं की अटी आठवतात. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने पक्का केला. तो वसूल करायला आयपीआरएससारखी संस्था आहे. बीकॉमच्या मुलाला हे समजावणं सोपं गेलं. "म्हणजे मामा, कॉलेजचा उपयोग आहे," असं तो स्वतःच म्हणाला.

आमचं ठरलं ते असं. कॉलेज पूर्ण करायचं. दर महिन्याला एक गाणं पूर्ण करायचं, चांगलं-वाईट नंतर बघू. खर्चाची वही ठेवायची आणि ती दाजींना दाखवायची. कुठल्याही करारावर मला दाखवल्याशिवाय सही नाही. आणि दार उघडं ठेवायचं.

ही शेवटची अट ताईची होती, आणि तिचा उपयोग झाला. संक्रांतीला पुन्हा गेलो तेव्हा तो दुर्गदबैलावरचं गाणं म्हणून दाखवत होता. भाजीवालीची कन्नड हाक, दाजींचं गिऱ्हाइकाला 'बसा की' म्हणणं, दिवाळीच्या आदल्या रात्रीची गर्दी. अर्ध्यात दाजी दुकानातून वर आले, दारात उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, "ती हाक तशी नसते रे." मग स्वतः म्हणून दाखवली.

भाच्याने मोबाईल पुढे धरला. "बाबा, परत एकदा म्हणा."