चिपाडांवर शेकलेला ढोल

ऑगस्ट लागला की शिरोळच्या हवेला ओला वास येतो. पंचगंगा फुगलेली असते, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीच्या तीन काड्या वाया गेल्याशिवाय स्टोव्ह पेटत नाही. अशा दिवसांत मला हटकून आठवतो तो आमच्या शाळेच्या बँडचा बद्द आवाज!

सत्तरच्या दशकात तालुक्याच्या गावात शाळेचा बँड म्हणजे केवढी अपूर्वाई होती! चार साइड ड्रम, एक मोठा ढोल, दोन बिगूल, झांज आणि एक लोखंडी त्रिकोण. एवढ्या भांडवलावर प्रभातफेरीत आम्ही गाव जागं करायचो. पुढे बँड, मग लेझीम, मागे घोषणा देणारी अख्खी शाळा आणि शेवटी गावातली कुत्री. पांढरा सदरा, खाकी चड्डी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट हा पोशाख. आदल्या रात्री ओला खडू फासून बूट उजळायचे. माझ्या गळ्यात साइड ड्रम आला तो या बुटांमुळेच. वर्गात बूट असलेली मुलं थोडी होती, आणि वाजवण्याचं काय, ते येईल हळूहळू, असा हिशेब होता.

खरा वाजवणारा माझ्याच बाकावर बसायचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हलगी. लग्न, जत्रा, मयत, काही असलं की त्याच्या वडिलांना हाक जायची, आणि मोबदला सुगीला धान्यात. मधल्या सुट्टीत हा बाकावर बोटांनी असा ठेका धरायचा की आमच्या डब्यातली भाकरी तशीच राहायची. पी.टी.च्या सरांनी ते एकदा ऐकलं आणि संध्याकाळी मला बरोबर घेऊन त्याचं घर गाठलं.

वडील दारात बसले होते. सरांनी बँडचा विषय काढला तसे ते उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "सर, पोराला शाळंत घातलंय ते गळ्यातली हलगी सुटावी म्हणून. तुमी तिथंबी ढोलच बांधताय व्हय?"

सर परत येताना वाटभर सायकल हातात धरून चालत राहिले. मला मात्र रागच आला होता. झेंड्यापुढे वाजवायला मिळतंय आणि हा माणूस नको म्हणतो! शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द केली, बाबासाहेबांनी गावकीची हलकी मानलेली कामं सोडा म्हणून सांगितलं, हे आम्ही घोकलं होतं; पण घोकलेलं आणि बाकावरच्या मित्राचं घर यांचा संबंध कोण लावतो? तेच कातडं माझ्या गळ्यात आलं की टाळ्या पडतात आणि त्यांच्या गळ्यात असलं की 'ए, इकडं ये' असं होतं, हे उमजेपर्यंत मी बँकेत साहेब झालो होतो.

मित्र मग समूहगीतात गेला. 'गुड्डी' १९७१ सालचा. त्यातली, वसंत देसाईंनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना आमच्या परिपाठात आली होती. सिनेमातलं गाणं शाळेत, म्हणून काही वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर, ज्याला गाता येत नाही त्यालाही चारचौघांत गाऊ देणारी अशी चाल बांधणं सोपं नाही. मैदानावर पेटी नसायची. सूर मित्र द्यायचा आणि आम्ही दीडशे पोरं तो पकडायचो. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत बसलं पाहिजे म्हणून सर हातात घड्याळ धरून उभे असायचे.

१९७४ च्या पंधरा ऑगस्टला पहाटेपासून पाऊस लागला होता. कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. दोऱ्या आवळून आवळून सरांच्या बोटांना वळ आले, पण ढोल काही बोलेना; गोणपाटावर काठी मारल्यासारखा आवाज. मित्र न सांगता पळाला आणि वडिलांना घेऊन आला. त्यांच्या काखेत कोरड्या चिपाडांची मोळी होती. व्हरांड्यात जाळ करून त्यांनी एकेक ढोल हातभर अंतरावर धरला, फिरवत फिरवत शेकला, मधूनच टिचकी मारून कानाला लावला. शेवटी मोठ्या ढोलावर त्यांनी नुसती एक थाप मारली आणि खोलीत बसलेल्या पोरी दचकून बाहेर आल्या!

"चला की आमच्याबरोबर कचेरीपर्यंत," सर म्हणाले.

"नगं सर. तुमी व्हा फुडं."

पण ते आले होते. तहसील कचेरीच्या कुंपणाबाहेर, भिजत. त्यांच्या पोराने सूर दिला आणि राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हा ते ताठ उभे होते. मला दिसलं, कारण माझ्या काठ्या तेवढा वेळ काखेत होत्या. नंतर सरांनी आपल्या वाट्याची जिलबी कागदात बांधली आणि कुंपणापलीकडे नेऊन दिली.

मित्र पुढे शिक्षक झाला, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. शाळेचे जुने लाकडी ढोल २०१९ च्या महापुरात गेले. गेल्या पंधरा ऑगस्टला आम्ही दोघं शाळेत गेलो. पाऊस होताच. नव्या ढोलांवर प्लास्टिक ताणलेलं. मित्राने एकावर दोन बोटांनी टिचकी मारली. खणखणीत.

"ह्याला शेकायला लागत नाही," तो म्हणाला.

पलीकडे सातवीतली एक पोरगी ढोलाच्या पट्ट्याशी झटत होती. त्याने रुमालाने तिचा ढोल पुसला, पट्टा दोन भोकं वर घेतला आणि स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला.

"रुततोय का गं?"

"नाही सर."

"मग वाजव."