तंजावरचा पोलीस शिपाई कोण निवडतो?

बृहदीश्वर मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावर शहराला २०१४ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. मात्र तेथे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय नाही. शहरातील पोलीस ठाणी जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतात आणि या अधीक्षकांकडे आपल्या जिल्ह्यासाठी शिपाई निवडण्याचे काम नाही. महाराष्ट्रातील उमेदवाराला ही गोष्ट नवलाची वाटेल.

तामिळनाडूत ही निवड चेन्नई येथील गणवेशधारी सेवा भरती मंडळ करते. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाकडे पोलीस शिपाई व उपनिरीक्षकांसह तुरुंग रक्षक आणि अग्निशमन दलातील जवानांची भरतीही सोपविण्यात आली आहे. महाराष्ट्रात याउलट प्रत्येक जिल्हा व आयुक्तालय हा भरतीचा स्वतंत्र घटक असतो. उमेदवार एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करतो आणि गुणवत्ता यादीही त्या घटकापुरतीच लागते. परिणामी, सारखेच गुण मिळवूनही एका जिल्ह्यात निवड होते आणि शेजारच्या जिल्ह्यात होत नाही. तंजावर आणि मदुराई येथील उमेदवार मात्र एकाच प्रश्नपत्रिकेला सामोरे जातात.

दोन्ही राज्यांतील परीक्षेचा क्रमही वेगळा आहे. तामिळनाडूत आधी लेखी परीक्षा होते आणि तीत वरचे स्थान मिळविणाऱ्यांनाच मैदानावर बोलावले जाते. दहावी उत्तीर्ण उमेदवार शिपाईपदासाठी पात्र ठरतो. २०२२ पासूनच्या पद्धतीनुसार मुख्य लेखी परीक्षेला ७०, शारीरिक चाचणीला २४ आणि राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना व क्रीडा प्रमाणपत्रांना ६ गुण आहेत. लेखी परीक्षेत सामान्य ज्ञानाबरोबर मानसशास्त्र हा स्वतंत्र विभाग असला, तरी त्यातील बरेचसे प्रश्न तर्क व आकडेमोडीचे असतात. माणसांशी वागण्याची जाण त्यातून कितपत कळते, हा प्रश्न उरतोच. तामिळ भाषेची पात्रता परीक्षाही आता अनिवार्य आहे. मैदानावर पुरुषांना १५०० मीटर अंतर ७ मिनिटांत धावावे लागते, शिवाय दोरावर चढण्याची आणि लांब किंवा उंच उडीची चाचणी असते.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये लेखी परीक्षा आधी घेण्याचा निर्णय झाला होता. २०२२ मध्ये तो फिरवून मैदानी चाचणी पुन्हा पुढे आणण्यात आली. क्रमाचा हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. पण २०२४ च्या भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढ्या उमेदवारांची आधी मैदानावर परीक्षा घ्यायची, तर ऊन, पाऊस आणि रात्रीच्या मुक्कामाचे हाल त्यांच्याच वाट्याला येतात. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईतील भरतीदरम्यान ५ किलोमीटरच्या धावण्याच्या चाचणीनंतर काही तरुणांचा मृत्यू झाला. त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले. आज पुरुष उमेदवार १६०० मीटर धावतात.

मध्यवर्ती भरतीने स्थानिक वशिल्याला आळा बसण्यास मदत होते, परंतु रिक्त जागा वेळेवर भरल्या जातीलच असे नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रिक्त पदांबाबत ज्या सहा राज्यांच्या गृह सचिवांना पाचारण केले, त्यांत तामिळनाडूही होते. शिवाय निवड झालेला शिपाई थेट ठाण्यात येत नाही. प्रशिक्षणानंतर त्याची नेमणूक प्रथम सशस्त्र राखीव दलात किंवा राज्याच्या विशेष पोलीस दलात होते आणि पोलीस ठाण्यात बदली होण्यास बहुधा काही वर्षे जावी लागतात. तंजावरच्या ठाण्यात माणसे कमी पडली, तर अधीक्षकांना मागणी नोंदवून वाट पाहावी लागते.

या पद्धतीतील एक मोठा बदल मंडळाने आपणहून केला नाही. उपनिरीक्षकपदासाठीच्या अर्जात पुरुष व स्त्री असे दोनच रकाने असल्याने के. प्रिथिका याशिनी या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज फेटाळण्यात आला. त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०१४ मध्येच लागलेला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने याशिनी नियुक्तीस पात्र असल्याचे स्पष्ट केले आणि पुढील भरतीत तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र तरतूद करण्याचे निर्देश मंडळाला दिले. २०१७ मध्ये त्या धर्मपुरी जिल्ह्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाल्या.

महाराष्ट्रात हाच प्रश्न सात वर्षांनी उभा राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फटकारल्यानंतर राज्य शासनाने ऑनलाइन अर्जात तिसरा पर्याय देण्याचे आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरविण्याचे मान्य केले.