लॅपटॉप म्हातारा झालाय, की त्याचं विंडोज?

दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या लॅपटॉपवर एक निरोप झळकला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपतोय, विंडोज इलेव्हनवर या. म्हटलं चला, फुकट आहे तर जाऊ. तपासणीचं बटण दाबलं आणि उत्तर आलं, तुमचा पीसी इलेव्हनसाठी पात्र नाही. म्हणजे पत्रिका द्यायची आणि मांडवाच्या दारात अडवायचं!

मी राहते वडगाव निंबाळकरला, बीसीएसाठी रोज एसटीनं बारामतीला जाते. माझा लॅपटॉप म्हणजे चुलतदादाचा जुना. पाचव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क. चालू केला की चहा टाकायला जायचं, चहा पिऊन यायचं, तरी गोल चक्र फिरतच असायचं.

पप्पा म्हणाले, “जाऊ दे गं, उसाचं बिल आलं की नवीनच बघू.” पण त्या बिलाची वाट घरात कोण कोण बघतंय हे मला माहीत होतं. सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, माझीच फी. म्हटलं, “थांबा पप्पा, आधी याला नेमकं झालंय काय ते बघते.”

खरं सांगू का, नव्या लॅपटॉपच्या खर्चापेक्षा मला जास्त धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. ‘विंडोज बदलणं’ आमच्या घराला एकदा फार महागात पडलंय. जानेवारी २०२० मध्ये विंडोज सेव्हनचा सपोर्ट संपला, तेव्हा दादानं याच लॅपटॉपवर टेन टाकलं होतं. इन्स्टॉल करताना सगळे पार्टिशन डिलीट केले. डी ड्राइव्हमध्ये आमच्या आप्पांचे, म्हणजे आजोबांचे, सगळे फोटो होते. आप्पा आधीच्याच वर्षी गेले होते. लक्षात आलं तोपर्यंत त्या डिस्कवर बरंच काही नवीन लिहिलं गेलं होतं. दुकानात नेऊनही हाती काही लागलं नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन अस्पष्ट फोटो मिळाले, तेवढेच. दादाला घरात कुणी एक शब्द बोललं नाही, पण तो विषय त्यानंही पुन्हा काढला नाही.

सपोर्ट संपला म्हणजे काय?

लॅपटॉप बंद पडत नाही. १५ ऑक्टोबरलाही माझा नेहमीसारखाच, म्हणजे रडतखडत, चालू झाला. फरक इतकाच की सिस्टिममध्ये नवी भोकं सापडली तर ती बुजवायला कंपनी येणार नाही. छोटी गोष्ट वाटते, पण मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा. दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर त्यानं कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले. ज्या लॅपटॉपवर आपण यूपीआय, डिजिलॉकर आणि स्कॉलरशिपचे फॉर्म उघडतो, तो असा उघडा ठेवणं शहाणपणाचं नाही.

मग इलेव्हन का नाही? कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट लागतं. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप, त्यातही कंपन्यांनी वापरून विकलेले आणि आपल्यासारख्यांनी सेकंडहँड घेतलेले, दाराबाहेरच राहतात. तुमचा आत आहे की बाहेर, हे मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ अ‍ॅप सांगतं.

समोर चार रस्ते

पहिला, मुदतवाढ. मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांना विंडोज टेनची सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. पण हे म्हणजे एटीकेटी. पेपर सुटलेला नाही, फक्त पुढं गेलाय.

दुसरा, जुगाड. रुफससारखं टूल वापरून तपासणी चुकवायची आणि इलेव्हन बसवायचं. अनेक जण करतात, अनेकांचं चालतंही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यासाठी बदल करायचा, तीच गोष्ट बेभरवशाची.

तिसरा, लिनक्स. चौथा, नवा लॅपटॉप. मी तिसरा धरला.

लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं डोळ्यांसमोर येतात. ते चित्र आता जुनं झालं. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनंही ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स सिस्टिम बनवलीय. मी निवडलं लिनक्स मिंट, त्यातही हलकं एक्सएफसीई व्हर्जन. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू. विंडोज वापरलेल्याला चुकल्यासारखं होत नाही.

फोरजी, लाइट आणि मेलेली बॅटरी

यूट्यूबवरच्या व्हिडिओत सगळं पंधरा मिनिटांत होतं. गावात जरा नियोजन लागतं.

आधी बारामतीत जाऊन रॅम चारची आठ जीबी केली आणि फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढं हा खर्च किरकोळ होता. जुन्या लॅपटॉपचा वेग वाढवायचा तर एसएसडीसारखं औषध नाही. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. दुकानात आधी विचारून घ्या.

मिंटची फाइल साधारण तीन जीबीची आणि माझा पॅक रोज दोन जीबीचा. मग रात्री अकराला टॉरेंटवर डाउनलोड लावलं. बाराच्या आत अर्धं, बारानंतर नव्या दिवसाच्या डेटात उरलेलं. मध्येच रेंज गेली तरी काम थांबलं तिथून पुढं सुरू होतं. सकाळी ती फाइल आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला की मिंट इन्स्टॉल न करताही वापरून बघता येतं. ही पायरी कुणी सोडू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, सगळं तिथंच कळतं. काही वायफाय कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो. ते आधी कळलेलं बरं.

राहिला प्रश्न लाइटचा. माझी बॅटरी दहा मिनिटं टिकते. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून. म्हणून शेजारच्या काकूंकडे गेले, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. त्यांनी चहा केला, मी ‘नेक्स्ट’ दाबत बसले.

आणि मग तो पर्याय समोर आला, ‘इरेज डिस्क’. त्याचा अर्थ फक्त सी ड्राइव्ह नाही, त्या डिस्कवरचं सगळंच्या सगळं. क्षणभर हात थांबला. पण समोर होती ती कोरी एसएसडी. जुनी डिस्क काढलेली, तिला हातही लावलेला नव्हता. दाबलं.

काय चालतं, काय नाही

आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात चालू होतो. ब्राउझर, झूम, व्हीएलसी सगळं मिळतं. सी, जावा, पायथनची प्रॅक्टिकल्स उलट सोपी झाली. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट चालू. फक्त जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधल्या फाइल असतील तर त्या आधीच युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर नुसती अगम्य चिन्हं दिसतील. लिबरऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण कधी कधी मांडणी हलते. म्हणून सबमिशन नेहमी पीडीएफमध्ये.

पण उगाच भक्त होण्यातही अर्थ नाही. टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप लिनक्सवर थेट चालत नाहीत. परीक्षांसाठी वापरलं जाणारं सेफ एक्झाम ब्राउझरही नाही. माझी बीकॉमची मैत्रीण दिवसभर टॅलीवर असते. तिला मी मुदतवाढच घ्यायला लावली. सिव्हिलवाल्या मित्राला सांगितलं, तू पैसे साठव. आपल्याला रोज काय लागतं, याची यादी आधी करा. सिस्टिम त्या यादीतून निवडा, कुणी भारी म्हणतंय म्हणून नको.

हात लावण्याआधी

• डेस्कटॉप, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळ्याचा बॅकअप. एक प्रत घरात, एक ऑनलाइन.
• बॅकअपची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नाही.
• बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.
• सबमिशन किंवा परीक्षेच्या आठवड्यात हा उद्योग नको.
• इन्व्हर्टर किंवा धड बॅटरी असेल तरच बसा.

संध्याकाळी पप्पांनी लॅपटॉप उघडला, सातबारा बघितला, प्रिंटसाठी सेव्ह केला. विंडोज गेलंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. “पळतोय की आता,” एवढंच म्हणाले. उसाच्या बिलाच्या यादीतून एक नाव कमी झालं.

रात्री दादाला फोन करून सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच विचारलं, “डी ड्राइव्ह?”

“कपाटात आहे दादा. जशीच्या तशी. आणि आप्पांचे जे दोन फोटो मिळाले ना, ते आता चार ठिकाणी ठेवलेत.”