हातमोजे घातले म्हणजे हात धुतले असं नाही

वडगाव मावळ : दवाखान्यात सिस्टरच्या हातात हातमोजे दिसले की आपल्याकडच्या माणसाला हायसं वाटतं. ‘स्वच्छ हॉस्पिटल आहे’ असा शेराही लगेच मिळतो. पण त्याच हातमोज्यांनी एका पेशंटची जखम पुसली, मग फाईल धरली, मोबाईल उचलला आणि पलीकडच्या खाटेवरची सलाईन फिरवली, तर फायदा फक्त घालणाऱ्याचा झाला. पुढच्या पेशंटला उलट धोकाच.

दुधाचा धंदा करणाऱ्याला हे चटकन कळेल. गोठ्यात एका गाईला दगडी झाली आणि धार काढणाऱ्याने तसाच हात दुसरीच्या सडाला लावला, तर रोग तिच्याकडे जातो. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली म्हणून तो थांबत नाही. वॉर्डातही जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरूनच.

मुळात रबरी हातमोजे थिएटरमध्ये आले तेच नर्सचे हात वाचवायला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉलस्टेड यांच्या हाताखाली कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या नर्स होत्या. जंतुनाशक औषधाने त्यांच्या हातांची कातडी खराब व्हायची. म्हणून १८८९-९० च्या सुमारास हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. (पुढे दोघांचं लग्नही झालं.) पेशंटलाही त्याचा उपयोग होतो हे नंतर ध्यानात आलं.

हात धुण्याचं महत्त्व त्याच्याही आधी कळलेलं होतं. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात डॉ. सेमेलवाईस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या विभागात १८४६ साली शंभरातल्या अकराच्या आसपास बाळंतिणी दगावत होत्या. १८४८ मध्ये हा आकडा दीडच्याही खाली आला. तरी सोबतच्या बऱ्याच डॉक्टरांनी ते मानलं नाही. आपल्या हातामुळे माणूस मेला, हे कुणाला पटणार?

आता जागतिक आरोग्य संघटनेने हात साफ करायच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावून झाल्यावर. सुई, नळी, ड्रेसिंग अशा कामाच्या आधी. रक्त, लघवी, पू यांचा संबंध आला की नंतर. आणि पाचवी वेळ सगळे विसरतात ती : पेशंटला हात लावला नाही, नुसती खाट, चादर, सलाईनचा स्टँड धरला, तरीसुद्धा. हातावर घाण दिसत असेल तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. नसेल तर सॅनिटायझर चोळून २० ते ३० सेकंद पुरतात. जुलाबाच्या पेशंटनंतर मात्र साबणच बरा, कारण जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरने मरत नाहीत.

हातमोजे लागतात ते रक्त, जखम, शरीरातले स्राव यांच्याशी संबंध येणार असेल तेव्हा. एक्सप्रेस वेवरचा अपघाती पेशंट आला तर ते हवेतच. पण बीपी, ताप, नाडी बघायला नकोत. धडधाकट कातडीवर दंडात लस टोचायलासुद्धा नकोत, हात साफ पाहिजेत. म्हणजे लस टोचणाऱ्या सिस्टरने हातमोजे घातले नाहीत म्हणून गावात ओरड करायचं कारण नाही.

हातमोज्याला बारीक भोकं असू शकतात. लावणीच्या वेळी प्लास्टिकचा कागद पांघरला की आतून माणूस घामाने चिंब होतो, तसंच मोज्यातल्या हाताचं होतं आणि तिथे जंतू वाढतात. काढतानाही बाहेरची घाण हाताला लागते. म्हणून घालण्याआधी हात साफ, काढल्यावर परत साफ, आणि एका पेशंटला एकच जोडी. तीच जोडी धुऊन किंवा वरून सॅनिटायझर चोळून पुढच्याला वापरणं चूक आहे.

आंदर मावळातली बाई बाळंतपणाला कान्हे फाट्याला किंवा तळेगावला येते. अडचण आली तर पिंपरीच्या वायसीएमला, नाहीतर ससूनला. टाक्याला पू झाला, बाळाच्या नाळेला जंतू लागले, की मुक्काम वाढतो. घरच्यांची मजुरी बुडते ती वेगळी. बाळाच्या तर जिवावर बेततं. आपल्यासारख्या देशांत भरती झालेल्या १०० पैकी सरासरी १५ जणांना उपचार घेतानाच एखादा संसर्ग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सगळा दोष सिस्टरवर टाकून चालणार नाही. एकटीवर भरलेला वॉर्ड असला, बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असलं, नळाला पाणी नसलं, तर दर खाटेला हात धुणार कोण? खाटेजवळ सॅनिटायझरची बाटली हवी, कोपराने उघडता येणारा नळ हवा. केंद्राच्या २०१५ पासूनच्या कायाकल्प योजनेत सरकारी दवाखान्यांना हाताच्या स्वच्छतेचेही गुण असतात. आपल्या दवाखान्याला किती मिळाले, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

आणि वॉर्डात? “सिस्टर, तेवढे हातमोजे बदलता का?” एवढंच, शांतपणे. भांडायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. भेटायला जाणाऱ्यांनीही आत शिरताना आणि निघताना हात धुवावेत, बाळाला घेण्याआधी तर नक्कीच. वापरलेले हातमोजे २०१६ च्या नियमांप्रमाणे लाल पिशवीत जातात. खाटेखाली पडलेले दिसले तर मावशींना सांगा, आणि पोरांना त्याचा फुगा करून देऊ नका.